रांगोळीच्या चौकोनातलं हेलिकॉप्टर

चिपळूणच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलाच्या वाढदिवसाला त्याला रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर हवं आहे, यजमान म्हणतात दोन दिवसांत मोडून माळ्यावर जाईल, तर घ्यावं की न घ्यावं? लोणच्याच्या बुरशीबद्दल आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात हे एकच पत्र वेगळं होतं. बुरशीवाल्या मैत्रिणींनो, तुम्ही एक आठवडा थांबा, आणि तोवर ती बरणी कुणाला वाढू नका. आज हेलिकॉप्टरच घेते. कारण या विषयावर बोलायचा अधिकार मला मिळालेला आहे, आणि तो काही स्वस्तात मिळालेला नाही.

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. मधे कासू, नागोठणे, निडी एवढी तीन स्टेशनं. गेल्या मे महिन्यात माझा भाऊ मुंबईहून रोह्याला आला, तो भाच्यासाठी हे हेलिकॉप्टर घेऊनच. दीड वीत लांब, वजनाला मध्यम कांद्याएवढं, लाल रंगाचं. आता मामा म्हणजे सर्वज्ञ. त्याने खोकं फोडलं, सूचनांचा कागद आईच्या हातात दिला (तिने त्याची शेंगदाण्याची पुडी केली) आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, कुंडलिकेवरून छान वारं सुटलेलं असताना, अंगणात उभं राहून रिमोटची दांडी एका दमात वर ढकलली. हेलिकॉप्टर सुटलं ते शेजारच्यांच्या कौलांवरून थेट कलमाच्या आंब्यात. आंबे काढायच्या झेल्याने ते खाली काढलं तेव्हा एक पातं तुटलेलं होतं. "वारा होता," मामा म्हणाला. तेवढं मात्र त्याचं खरं होतं.

खोक्यात सुटी पाती होती, ती बसवली आणि हेलिकॉप्टर आमच्याबरोबर पेणला आलं. मग पाऊस लागला. आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे. शाळेतून आले की माजघरात त्यांचा सराव चालायचा. जमिनीवरून टुणकन उडायचं, भिंतीला धडकायचं, पडायचं. मी आपली कणीक मळता मळता "कपबश्या सांभाळ रे" एवढंच म्हणत होते. ते कसं उडतं, त्याला काय अडतंय, याची चौकशी मी कधी केली नाही. ही माझी पहिली चूक, आणि चिपळूणच्या ताई, तुमच्यासाठी पहिली सूचनासुद्धा. हे खेळणं भोवऱ्यासारखं मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात जायचं, असलं नाही.

श्रावणात व्हायचं ते झालं. आमच्या मागच्या आळीत गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे पावसाळ्यात निम्म्या आळ्यांत ओळीने गणपती बसलेले असतात, आणि हमरापूर-जोह्याकडे तर घराघरांत. चिरंजीवांना वाटलं, एवढी मोठी शेड, वर छप्पर, आत वारा नाही, मित्रांना दाखवायला याहून चांगली जागा कुठली? पण मूर्ती वाळवायला कोपऱ्यात मोठा पंखा लावलेला होता. त्याच्या झोतात हेलिकॉप्टर सापडलं, तिरकं सरकू लागलं, आणि घाबरून याने रिमोटची दांडी खाली ओढायच्या ऐवजी पूर्ण वर केली. एका शाडूच्या मूर्तीवर ते जाऊन आदळलं. सोंडेचं टोक गेलं, हाताचं एक बोट गेलं, आणि पात्याचा ओरखडा नेमका डोळ्यावरून गेला. त्या मूर्तीची आखणी झालेली होती.

बाकीची मुलं पळाली. आमचा तिथेच उभा राहिला. कारखान्यातले काका ओरडले असते तर बरं झालं असतं, ते ओरडले नाहीत. संध्याकाळी मी पैसे घेऊन गेले. ते म्हणाले, "बाई, मूर्तीचे पैसे होतात. आखणीचे काय लावू?" ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मूर्तीचे डोळे काढणं म्हणजे आखणी, आणि ते काम कारखान्यात कुणीही करत नाही. हात बसलेला एखादाच माणूस असतो. काकांनी रात्री बसून सोंड नि बोट जोडलं, डोळा पुन्हा काढला. पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी चिरंजीवांनी दोन रविवार येऊन मूर्तींना पॉलिश पेपर मारायचा असं ठरलं, आणि त्याने तो मुकाट्याने मारला.

प्रकरण इथे मिटलं असं मला वाटलं होतं. हेलिकॉप्टर कापडी पिशवीत घालून त्यानेच माळ्यावर टाकलं. पण मग मी त्याला चहाचे कप बाहेर नेऊन दे म्हटलं, तर म्हणाला, "मला नको, माझ्या हातून पडतील." शाळेत बाईंनी प्रयोगाचं साहित्य मांडायला सांगितलं, तर मागच्या बाकावर जाऊन बसला. गौरीच्या समया उचलायला तयार होईना. प्रत्येक वेळी तेच वाक्य. मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं, कारण ते माझंच आहे. बारा वर्षांची असताना रोह्याच्या बाजारात मी सायकलसकट एका भाजीवालीच्या टोपलीत पडले. लागलं काहीच नाही. बाजार हसला, घरीही चार दिवस हसले. त्यानंतर मी सायकलला हात लावला नाही. आज आमच्या दारात स्कूटर उभी असते आणि मी छत्री घेऊन शाळेत चालत जाते. कुणी विचारलं तर सांगते, चालणं तब्येतीला चांगलं.

म्हणून एका दुपारी सासूबाई झोपल्यावर मी स्टूल घेतलं आणि ती पिशवी माळ्यावरून खाली काढली. मुलाला धडा घालून द्यावा वगैरे उदात्त विचार मनात होता असं म्हणणं खोटं ठरेल. मला त्या वस्तूचा राग आला होता. एवढीशी ती, आणि ती काय एवढी भारी लागून गेली, असं झालं होतं.

पहिल्यांदा सूचनांचा कागद नव्हताच (शेंगदाणे आठवतात ना?). तेव्हा मी यंत्रच नीट न्याहाळलं. ताक करताना हातातला ब्लेंडर चालू केला की मूठ उलट्या बाजूला झटका देते, हे तुम्ही अनुभवलं असेल. पातं एकीकडे फिरलं की त्याला फिरवणारं अंग दुसरीकडे फिरू पाहतं. हेलिकॉप्टरचंही तसंच. डोक्यावरची पाती फिरू लागली की खालचं धड उलटं गरगरायला लागेल. ते थांबवायला मोठ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक उभं छोटं पातं असतं, ते शेपटीला सारखं विरुद्ध बाजूला रेटत राहतं. दुसरी रीत म्हणजे एकाच दांड्यावर पात्यांच्या दोन जोड्या, एक उजवीकडे फिरणारी आणि एक डावीकडे. आपल्या नौदलाकडची कामोव्ह हेलिकॉप्टरं अशी दोन मजली पात्यांची आहेत, आणि मुलांच्या खेळण्यांत नवशिक्याला सोपी पडतात तीही हीच. दोन जावा एकमेकींच्या विरुद्ध ओढत राहतात म्हणून घर सरळ उभं, असा प्रकार. (हे वाक्य माझ्या जाऊबाईंना दाखवूनच छापायला दिलं आहे.) वरच्या पात्यांच्याही डोक्यावर एक आडवी दांडी असते, टोकांना छोटी वजनं असलेली. ती तोल सांभाळते. ती शोभेची आहे असं समजून काढून टाकू नका. आणि या प्रकारात शेपटीचं बारीक पातं उभं नसून आडवं असतं. ते शेपूट वर उचलतं किंवा खाली दाबतं, की हेलिकॉप्टर नाक खाली करून पुढे जातं किंवा मागे येतं.

रिमोटवर दोन दांड्या. आमच्या रिमोटची डावी दांडी वर-खाली नेण्यासाठी, म्हणजे पात्यांचा वेग वाढवायला आणि कमी करायला. ती सोडली तरी आपोआप मधे येत नाही, जिथे ठेवाल तिथेच राहते. उजवी दांडी पुढे-मागे आणि वळण्यासाठी, ती सोडली की मधे येते. शिवाय एक छोटं बटण, हेलिकॉप्टर हात न लावताच एका बाजूला गोल फिरायला लागलं तर ते सरळ करण्यासाठी.

आता डावी दांडी. गॅसचं बटण आपण कसं फिरवतो? मोठी आच हवी तर मोठी, मंद हवी तर मंद, आणि दूध वर येताना केसभर. हेलिकॉप्टरला सगळा वेळ ते दूध वर येतानाचंच फिरवणं लागतं. पहिल्या दुपारी मला हे कळलं नाही. थोडं दिलं तर ते जमिनीवरच फरपटत गेलं आणि बाजेच्या पायाला अडलं, जास्त दिलं तर छताला. चार वेळा तेच. मग लक्षात आलं, की जमिनीलगत वीतभर उंचीवर ते सर्वांत जास्त नाठाळपणा करतं, कारण पात्यांनी खाली लोटलेली हवा जमिनीवर आपटून परत अंगावर येते. तिथे रेंगाळायचंच नाही. ठामपणे, पण न झटकता, कमरेइतकं वर न्यायचं. तिथे ते शहाण्यासारखं वागतं.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी अशीच धडपडत होते, आणि दारातून आवाज आला, "आई, शेपूट तुझ्याकडे ठेव." शाळा लवकर सुटली होती. दप्तर पाठीवरच होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो निघून गेला असता, हे आयांना सांगायला नको. मी शेपूट माझ्याकडे करून हेलिकॉप्टर ठेवलं. "आणि पंखा बंद कर की," तो म्हणाला. पंखा चालू होता! मी चार दिवस पंख्याखाली उडवत होते.

त्यानंतर रोज अर्धा तास आमचा वर्ग भरू लागला. मास्तर तो, विद्यार्थिनी मी. त्याने रिमोटला हात लावला नाही, नुसता बाजेवर बसून सूचना. त्यानेच रांगोळी आणून फरशीवर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन काढला आणि म्हणाला, "याच्या बाहेर जायचं नाही." शेपूट आपल्याकडे, उंची कमरेइतकी, चौकोनावर नुसतं थांबवायचं. पुढे जाणं नाही, वळणं नाही. मला वाटलं होतं की थांबणं सोपं आणि जाणं अवघड. उलटंच आहे. एका जागी तरंगत ठेवायला दोन्ही अंगठे सारखे जागे ठेवावे लागतात, आणि दुरुस्ती चूक दिसण्याआधी करावी लागते. सरकलेलं दिसल्यावर दांडी हलवली तर ते परत येतं आणि दुसऱ्या बाजूला जातं. मग आपण उलटी हलवतो, ते आणखी जातं. झोका चढत जातो तसं. अशा वेळी दांडी कमी हलवायची, आणि लगेच मधे आणायची.

आमच्या मास्तरांना आणखी एक युक्ती सुचली. खराट्याचे दोन लांब हीर घेऊन त्यांची फुली बांधली, चारी टोकांना थर्माकोलचे मणी टोचले आणि ती फुली हेलिकॉप्टरच्या पायांखाली दोऱ्याने पक्की केली. पाय रुंद झाले. आता ते वेडंवाकडं उतरलं तरी कलंडत नसे, म्हणजे पातीही मोडत नसत. उडायला थोडं जड झालं, पण झालं काम. मोठी, महागाची हेलिकॉप्टरं शिकणारे लोकही चेंडू लावलेल्या अशाच दांड्या बांधतात, हे मला नंतर कळलं. दोरा मात्र आखूड कापायचा. लोंबता दोरा पात्यात गेला की संपलं.

या निमित्ताने वाचायला मिळालं ते सांगते. इगोर सिकोर्स्की नावाचे गृहस्थ, मूळचे कीव्हचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. त्यांनी बनवलेलं हेलिकॉप्टर १४ सप्टेंबर १९३९ रोजी पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं, आणि चालवायला ते स्वतःच बसले होते. शिकवणार कोण? तेव्हा यंत्र पळू नये म्हणून ते दोरांनी वजनाला बांधून ठेवलं होतं. दोर सोडून मोकळं उड्डाण झालं ते १३ मे १९४० ला. म्हणजे मधे आठ महिने हा माणूस आपल्या रांगोळीच्या चौकोनातच होता म्हणा ना! रिमोटची विमानं उडू लागली त्यानंतरही रिमोटचं हेलिकॉप्टर जमायला बराच काळ गेला; जर्मनीच्या डिटर श्लूटर यांनी ते १९७० च्या सुमाराला जमवलं. तेव्हा आपल्याला आठवड्यात जमलं नाही तर तोंड पाडून बसायला नको.

आता सर्वांत फसवी गोष्ट. शेपूट आपल्याकडे असतं तोवर आपलं उजवं ते त्याचं उजवं. पण ते फिरून आपल्याकडे तोंड करून आलं, की सगळं उलटं. समोर उभ्या असलेल्या नवऱ्या मुलीला नऊवारी नेसवताना आपला हात कसा गोंधळतो? तिचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताशी. अगदी तेच, फक्त इथे नवरी उडून तुमच्या तोंडावर येत असते. मी पहिल्यांदा या फेऱ्यात सापडले तेव्हा उजवीकडे वळव म्हणून दांडी दाबली, ते माझ्या डावीकडे कपाटाकडे निघालं, मी आणखी दाबली, आणि घाबरून डावी दांडी वर. नेमकं तेच, जे याने कारखान्यात केलं होतं. "खाली, आई, खाली!" तो ओरडला. मी दांडी पूर्ण खाली घेतली. हेलिकॉप्टर कमरेइतक्या उंचीवरून गादीवर पडलं. काही झालं नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तूपण वरच केलीस." मी म्हटलं, "हो रे. हात आपोआप वर जातो." "माझापण आपोआपच गेला होता," तो म्हणाला. त्या शेडमध्ये काय झालं याबद्दल त्याने घरात काढलेले हे पहिले शब्द.

हे हाताचं वर जाणं मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण यातच सगळे अपघात आहेत. पडतंय असं वाटलं की माणूस जोर वाढवतो. हेलिकॉप्टर काही अडवणाऱ्या वस्तूकडे चाललं तर जोर काढून घ्यायचा असतो. कमरेइतक्या उंचीवरून पडलं तर हलक्या खेळण्याला फारसं होत नाही. पण पाती फिरत असताना अडकली तर ती तुटतात, समोरच्याला लागतं, आणि जोर तसाच राहिला तर आतली मोटर जळते. डोक्याच्या वर असेल तर एकदम सोडू नका, भराभर पण हाताशी धरून उतरवा. आम्ही "खाली" हा शब्द ठरवून टाकला. तो ऐकला की विचार न करता दांडी खाली. रोज उडवण्याआधी चार-पाच वेळा, हेलिकॉप्टर बंद ठेवून, नुसता रिमोट हातात घेऊन ही कवायत. सासूबाई पाहत होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, हे बाईमाणसाचं काम आहे का?" मी सांगितलं, अहो, सरकारने २०२३ मध्ये बचतगटांच्या बायकांसाठी ड्रोनची योजना मंजूर केली आहे, नमो ड्रोन दीदी म्हणतात तिला. १५ हजार गटांना शेतात फवारणी करणारे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, केंद्राचं साहाय्य. चालवणारीला १५ दिवसांचं शिक्षण, त्यातले ५ दिवस नुसतं उडवायचं आणि १० दिवस खतं-औषधं फवारण्याचं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुला १५ दिवसांत का येईना?"

बॅटरीबद्दल मात्र सक्तीने लिहिते. यात लिथियमची बॅटरी असते, आमची ३.७ व्होल्टची. तासभर चार्ज केली की सात-आठ मिनिटं उडते, आणि मुलं लगेच पुन्हा वायर लावायला धावतात. गरम बॅटरीला वायर लावायची नाही, पंधरा मिनिटं गार होऊ द्यायची. खोक्यात आलेलीच वायर वापरायची. गादीवर, उशीवर, पडद्याजवळ ठेवून चार्ज करायची नाही; आमची कडप्प्याच्या ओट्यावर, रिकाम्या स्टीलच्या ताटात होते, आणि कुणी घरात जागं असेल तेव्हाच. रात्री लावून झोपायचं तर मुळीच नाही. बॅटरी पापडासारखी फुगलेली दिसली तर ती मेली असं समजा. तिला टोचू नका, घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकू नका, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

केस बांधा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, लांब मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. रांगतं मूल खोलीत नको. डोळ्यांच्या उंचीवर उडवू नका. पात्याला चीर गेली तर चिकटपट्टी लावायचा मोह होतो, मलाही झाला. पट्टीच्या वजनाने एक पातं जड होतं आणि सगळं थरथरायला लागतं. सरळ नवीन बसवा. दर आठवड्याला दांड्याच्या बुडाशी पाहा, तिथे लांब केस नि गोधडीचे धागे गुंडाळलेले असतात. सुईने सोडवून काढा. आमचं "मोडलेलं" हेलिकॉप्टर एकदा एवढ्यानेच बरं झालं होतं.

बाहेर उडवायचं तर वारा नसलेली सकाळ हवी. आपल्या कोकणात दुपारनंतर समुद्राकडचं वारं सुटतं, ते या कांद्याएवढ्या वजनाला झेपत नाही. खरी हेलिकॉप्टरंही हवेपुढे नमतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा हेलिकॉप्टरं तयार ठेवूनही खराब हवेमुळे उडू शकली नाहीत, आणि मदतीची माणसं चिखलातून पायी डोंगर चढली. महाडला ३ मे २०२४ रोजी उतरता उतरता एक हेलिकॉप्टर मैदानातच कलंडलं, सुदैवाने चालवणारे वाचले. तिथे तर शिकलेली माणसं होती. काही खेळणी टीव्हीच्या रिमोटसारख्या किरणांवर चालतात, ती कडक उन्हात रिमोटचं ऐकतच नाहीत. ती घरातच बरी. आणि कायद्याचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या सर्वांत छोट्या वर्गाला चालवण्याचा परवाना लागत नाही, म्हणून मुलांच्या हातात द्यायचं ते त्या वजनाच्या आतलंच घ्या. तरी विमानतळाजवळ, जत्रेत, मिरवणुकीत, विजेच्या तारांजवळ ते काढायचंच नाही.

तर चिपळूणच्या ताई, घ्या. दोन मजली पात्यांचं घ्या, एका पात्याचं दिमाखदार दिसतं ते दुकानदार दाखवील, पण ते पहिल्यांदा नको. सुटी पाती मिळतात का ते आधी विचारा. मिळत नसतील तर यजमान म्हणतात तसंच होईल. सूचनांचा कागद देवघराच्या खणात ठेवा. आणि पहिला आठवडा मुलाबरोबर तुम्ही स्वतः उडवा. तुमच्या हातून ते दोनदा कपाटावर आपटू द्या, त्याला ते बघू द्या. मला यात काय मिळालं ते वर आलंच आहे.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी चिरंजीव म्हणाले, "एक बॅटरी मी उडवू?" रांगोळीचा चौकोन पुसट झाला होता, तो त्याने आधी नव्याने काढला. पहिल्यांदा हात थरथरत होता, ते मला बाजेवरून दिसत होतं. मग हेलिकॉप्टर उचललं आणि चौकोनावर थांबलं. मी मनातल्या मनात बत्तीस आकडे मोजले. मग ते खिडकीकडे सरकलं, आणि मी "खाली" म्हणायच्या आत त्याने स्वतःच दांडी खाली घेतली.

परवा मागच्या आळीतल्या काकांनी त्याला हाक मारून विचारलं, ते विमान का काय ते, अजून आहे का रे? आता शेड रिकामी आहे, पंखाही बंद आहे, घेऊन ये. तो धावत घरी आला, ताट काढलं, बॅटरी लावली. काकांनाही रिमोट हातात घ्यायचा आहे म्हणे. आखणीचा हात, पाहू या कसा चालतो.

स्कूटरबद्दल मात्र कृपा करून कुणी पत्र लिहू नये. किल्ली मी मागितली आहे, एवढंच सांगते.

पुढच्या आठवड्यात लोणचं. बुरशी पांढरी आहे की काळी, आणि बरणी काचेची की प्लॅस्टिकची, हे पत्रात न लिहिलेल्या भगिनींनी तेवढं कळवावं.